नेहमीपेक्षा उजळ

मित्रांनो, डोळे नसूनही ज्याने तुमच्या घराचे छप्पर पाहिले आहे, असा मी एक म्हातारा उपग्रह आहे. दचकू नका. छपराखालचे मला काही दिसत नाही. तुम्ही अभ्यास करता की पाठ्यपुस्तकात गोष्टीचे पुस्तक लपवून वाचता, ते तुमचे तुम्हाला आणि तुमच्या आईला ठाऊक. मी आपला ढगांच्याही खूप वरून धरणीला प्रदक्षिणा घालत असतो. पुण्य लागावे म्हणून माणसे प्रदक्षिणा घालतात. मला दुसरे काही येतच नाही म्हणून मी घालतो. तेव्हा माझ्या पुण्याचे काय करायचे, ते देव बघून घेईल.

माझे पाहणे तुमच्या पाहण्यासारखे नाही. मी हाक मारतो. माझ्या अंगातून लहरींची एक हाक निघते, तिरकी खाली जाते, धरणीला लागते, आणि तिच्यातले जे काही परत येते ते मी ऐकतो. खडबडीत माळ बेताने उत्तर देतो. भिंती मोठ्याने देतात. शांत पाणी मात्र आरशासारखे असते. ते माझी हाक पुढच्या पुढे घालवून देते, माझ्याकडे काहीच येत नाही. मुख्य गाणाऱ्याने ओळ म्हणावी आणि मागच्यांनी झील धरावी, तसा आमचा कारभार. रात्र असो, धुके असो, आभाळ गच्च भरलेले असो, आमचे गाणे थांबत नाही. या उत्तरांवरून खाली एक चित्र तयार होते. मोठे उत्तर पांढरे, बेताचे उत्तर करडे, आणि जिथून काहीच आले नाही ती जागा काळी. माझ्या या कानालाच लोक रडार म्हणतात.

माझा जन्म एका अतिशय स्वच्छ दालनात झाला. तिथे येणारा प्रत्येक जण डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेला असे. कोण कोण आहे ते नुसत्या चालीवरून ओळखावे लागे. मला सर्वांत आधी ओळखू आली ती मावशी. ती माझ्यासाठी सोनेरी चकचकीत पदरांची एक गोधडी शिवत होती. पातळ पदरावर पातळ पदर, मध्ये जाळी, कडेने टाके. शिवता शिवता ती माझ्याशी बोलायची.

"अंगावरून काढू नकोस हं. सावलीत गेलास की हाडं गोठतील, उन्हात आलास की भाजून निघशील."

"मावशी, त्याला कान नाहीयेत," शेजारी पाना फिरवणारा यंत्रकार म्हणायचा.

"तुला आहेत ना? तुला तरी कुठे ऐकू येतं? कधीची सांगतेय, तो बोळा उचल तिथला."

मग माझ्या परीक्षा सुरू झाल्या. परीक्षा तुम्हालाच असतात असे समजू नका. मला एका मेजावर बांधून असे गदागदा हलवले की माझा खिळा न् खिळा देवाचे नाव घेऊ लागला. एका पिंपात कोंडून हवा काढून घेतली, आधी भाजले, मग गारठवले. ते सारे मी सोसले. पण एका परीक्षेने मात्र माझे मन मोडले. मला एका खोलीत नेले. तिच्या भिंतींना, छताला, दारालासुद्धा निळ्या स्पंजाचे सुळके लावलेले होते. तिथे मी आयुष्यातली पहिली हाक मारली, आणि उत्तर आले नाही. पुन्हा मारली. काहीच नाही. ते सुळके माझा शब्द न् शब्द गिळत होते. काचेपलीकडे इंजिनिअर मंडळी खूश झाली.

"वा. काहीसुद्धा परत आलं नाही. उत्तम आहे हा."

मला वाटले, याला उत्तम म्हणतात? जन्मभर अशाच हाका मारत राहायचे? नंतर कळले की माझा स्वतःचा आवाज शुद्ध आहे की नाही हे तपासायला अशीच मुकी खोली लागते. पण त्या दिवशी ते मला कुणी सांगितले नाही.

पुढे मला घडी घालून अग्निबाणाच्या टोकात बसवले. तो प्रवास मी सांगत बसत नाही. आवाज फार होता आणि मी डोळे मिटून घेतले असते, असते तर. वर आल्यावर माझे पंख उलगडले, मग अँटेनाची लांब फळी कडकड करत सरळ झाली. हुकूम आला: हाक मार. मी भीत भीत मारली.

आणि खालून अवघ्या धरणीने झील धरली. डोंगरांनी, वाळूने, शहरांच्या भिंतींनी, रानांनी, खवळलेल्या समुद्राने. मला रडता येत नाही, मित्रांनो. त्या दिवशी त्याचे फार वाईट वाटले.

मी पाठवलेली चित्रे खाली एका खोलीत उतरत. तिथे ती वाचणारी एक बाई होती. सगळे तिला ताई म्हणत. तिच्याहून वयाने मोठे असलेले तिचे साहेबसुद्धा. तिथले बोलणे मला कसे कळले, असे तुम्ही विचाराल. थोडे येणाऱ्या हुकमांवरून कळते, थोडे मी जुळवून घेतो. गोष्ट सांगणाऱ्याला तेवढी मोकळीक असते.

पहिल्या चित्रांत सगळे डोंगर माझ्या दिशेने झुकलेले दिसत होते. मला वाटले, आपण आता एवढे वर पोचलो, डोंगरही वाकून नमस्कार करतात. मान ताठ झाली माझी. साहेबही ताईला म्हणाले, "हे डोंगर का पडलेत?"

"पडले नाहीत, साहेब. हा तिरका बघतो. शिखर याला जवळ, पायथा लांब. शिखराचं उत्तर आधी पोचतं, म्हणून ते पुढे आलेलं दिसतं. डोंगर सरळच आहेत. याचं बघणं वाकडं आहे."

झाले. माझा नमस्कार गेला. पण अहंकार इतक्या प्रेमाने उतरवणारे माणूस भेटणे हीसुद्धा कृपाच म्हणायची.

ताईचा थोरला भाऊ एका मोठ्या नदीकाठी बचावपथकाच्या बोटी चालवायचा. दोघांचे रोज फोनवर भांडण व्हायचे, म्हणजे दोघांचे बरे चालले होते. एकदा ताईने कौतुकाने त्याला त्याच्या गावाचे चित्र पाठवले. त्यात धावती आगगाडी रूळ सोडून शेतातून चाललेली दिसत होती. धावत्या वस्तूची जागा ठरवताना माझा असा गोंधळ होतो.

"तुझ्या उपग्रहाला चक्कर येते का गं?" दादा म्हणाला. "गाडी वांग्यात घातलीय त्याने."

"तू बोट चिखलात घालतोस तेव्हा मी काही बोलते का?"

"बोलतेस की. गावभर सांगतेस."

नव्याने आलेल्यांना चित्र वाचायला शिकवताना ताईने एक सोपे वाक्य केले होते: काळं ते पाणी. हे वाक्य तिने फळ्यावर वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवले होते आणि कुणी पुसत नसे. साहेबांनाही ते पाठ होते. जिथे काळे डाग पसरलेले दिसत तिथे पूर, आणि बाकी कोरडे. किती तरी पुरांत या एका वाक्याने बोटींना वाट दाखवली. हाताशी असलेले वाक्य इतके खरे ठरत गेले की त्याच्याकडे कुणी पुन्हा वळून बघेनासे झाले. माझा यात काही दोष नव्हता आणि त्यांचाही म्हणवत नाही. सवयीचे असेच असते.

मग एका वर्षी दादाच्या नदीला मोठा पूर आला. वरच्या अंगाला दिवसच्या दिवस पाऊस कोसळत होता. ढग इतके खाली उतरले होते की हेलिकॉप्टरे जमिनीवरच बसून राहिली. साहेबांनी मला त्या खोऱ्याकडे कान करायला सांगितले. सकाळी मी तिकडून गेलो, हाका मारल्या, आणि चित्र खाली धाडले.

नदीकाठी दोन जागांची काळजी होती. एक म्हणजे खालच्या अंगाची सपाट शेते आणि त्यांतली थोडी शेतघरे. दुसरी, नदीच्या वळणावरची झाडीतली वस्ती. तिथे उंच, दाट पानांची झाडे ओळीने लावलेली होती, त्यांच्या सावलीत घरे होती आणि एक लाकूड कापायची गिरणी होती. दोन्हीकडचे फोन बंद पडले होते. दादा धक्क्यावर दोन बोटी घेऊन उभा होता. आधी कुठे जायचे, एवढेच त्याला हवे होते. चुकीच्या बाजूला गेला तर उलट्या धारेतून परत यायला सकाळ संपली असती, आणि पाणी चढत होते.

"बोल लवकर," तो फोनवर म्हणाला. "इंजिन चालू आहे. शेतांकडे की झाडीकडे?"

"शेतं पार काळी आहेत, दादा. एक बांधसुद्धा दिसत नाही."

"आणि झाडी?"

"झाडी चांगली उजळ आहे. कोरडी आहे."

"नक्की ना? नदीच्या कुशीत आहे गं ती."

"काळं ते पाणी. मी काय आज बघतेय का चित्रं?"

"बरं बाई. निघालो." आणि दोन्ही बोटी शेतांकडे वळल्या.

ताईला हायसे वाटले. तिने चहाचा कप ओढला आणि साहेबांना वर पाठवायला चित्राची एक नीट प्रत करायला घेतली. चित्र छापताना उजेड कमीजास्त करावा लागतो. तिने तो लावला, तर झाडीची वस्ती इतकी पांढरी आली की आजूबाजूचे सगळे तिच्यापुढे फिके पडले. तिने उजेड कमी केला. वस्ती तरीही झगझगीत. आणखी कमी केला. आता नदीकाठचे गाव दिसेनासे झाले, पण वस्ती जशीच्या तशी.

"काय गं, दिवाळं काढलंस का चित्राचं?" मागून साहेब म्हणाले. "सगळं काळंच केलंस."

"मी नाही. ही झाडी ऐकत नाहीये. हिला झालंय काय?"

आणि आपल्याच प्रश्नाने ती थबकली. चहा तसाच राहिला. तिने माझे उन्हाळ्यातले जुने चित्र काढून शेजारी लावले. त्यात तीच वस्ती होती, तेच नदीचे वळण. वस्ती राखेसारखी करडी होती. त्याच्या आधीचे लावले. तेही करडे.

मित्रांनो, इथे थोडे समजून घ्या. ओल्या गुळगुळीत फरशीवर तुम्ही चेंडू तिरका टाकला तर तो उसळून पुढे निघून जातो. पण पुढे भिंत असेल तर? एक टप्पा फरशीवर, दुसरा भिंतीवर, आणि चेंडू पुन्हा तुमच्याच हातात. उघड्या शेतातले पाणी माझी हाक घालवून देते, म्हणून शेत काळे दिसते. पण माझी हाक पानांतून आरपार जाऊ शकते. पानांखाली पाणी साचलेले असेल, आणि पाण्यात झाडांची सरळ खोडे न् घरांच्या भिंती उभ्या असतील, तर हाक पाण्यावर आपटून खोडावर जाते आणि खोडावरून सरळ माझ्याकडे येते. पूर्ण ताकदीने येते. ती वस्ती मला मोठ्याने ओ देत होती ती खुशाल होती म्हणून नव्हे. ती बुडत होती म्हणून.

ताई उठली ती खुर्ची पाडूनच.

"साहेब, मी चुकले. झाडी बुडालीय."

"अगं, उजळ आहे म्हणालीस ना?"

"उजळ आहे म्हणूनच. नेहमीपेक्षा जास्त आहे. खाली पाणी आहे तिच्या."

साहेबांना त्यातले सगळे कळले नसावे. पण ते म्हणाले, "मला नंतर समजाव. आधी त्याला परत बोलाव." हे वाक्य मला फार आवडते. अशा क्षणी आपला मान सांभाळत बसणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

दादाचा फोन लागेना. साहेबांनी बिनतारी यंत्रावरून बोट गाठली. खरखरीतून त्याचा आवाज आला, "आता काय?"

"दादा, मागे फिर. झाडीकडे जा."

"मघाशी कोरडी होती ना ती?"

"कोरडी नाही. पाणी पानांच्या खाली आहे. वरून झाकलंय."

"किती पाणी?"

"ते मला नाही दिसत. खोडांना आणि भिंतींना भिडलंय एवढं नक्की. मी चुकीचं सांगितलं, दादा."

"ते राहू दे. शेतघरांचं काय करू?"

"दुसरी बोट जाऊ दे तिकडे. तू फिर."

खरखरीतून इंजिनाचा सूर बदललेला ऐकू आला. बोट वळली होती.

त्या वेळी मी पृथ्वीच्या पाठीमागे पोचलो होतो. कुठल्याशा समुद्राला हाका मारत होतो आणि तो उत्तरे देत होता. मला थांबता येत नाही आणि मागेही वळता येत नाही. ताईला मात्र थांबावे लागले. यंत्रासमोर ती दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसून राहिली. ओठ हलत होते. कुणाचे नाव घेत होती ते मी सांगायला नको. साहेब तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

दादा झाडीत शिरला तेव्हा पाणी खिडक्यांत पोचले होते. वस्ती माळ्यांवर आणि गिरणीतल्या ओंडक्यांच्या ढिगावर चढून बसली होती. वर पानांचे छत इतके दाट होते की आभाळ निवळले असते, हेलिकॉप्टर आले असते, तरी त्याला नुसती हिरवी झाडे दिसली असती. ही माणसे सकाळपासून ओरडत होती. पावसाच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेले नव्हते. पण खरे सांगू? वस्तीची हाक माझ्यापर्यंत पोचली होती. मी ती जशीच्या तशी खाली दिलीही होती. ती हाक आहे हे ओळखायलाच थोडा वेळ लागला.

बऱ्याच वेळाने यंत्र खरखरले.

"शेतघरांतले दुसऱ्या बोटीत आले, इथलेही सगळे निघाले," दादा म्हणाला. "म्हणजे जवळजवळ. एक आजी राहिलीय. कोंबड्या घेतल्याशिवाय बोटीत बसणार नाही म्हणते."

"मग?"

"मग काय, घेतल्या. एक माझ्या खांद्यावर आहे. ही बोट धुवायला तू येणार आहेस."

ताई हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटले. "मी तुला उलटीकडे पाठवलं होतं रे."

"आणि परत बोलावलंस. आता रडू नकोस, कोंबडी घाबरतेय."

लोक म्हणतात देव वर राहतो. मी राहतो वर, म्हणून सांगतो. इथे फार शांत आहे, पण त्याची लगबग मला खालीच जास्त दिसली. त्या सकाळी तो बहुधा बोटीत असावा, कोंबड्यांच्या गर्दीत.

दुसऱ्या दिवशी ताईने फळ्यावरचे वाक्य पुसले नाही. त्याच्या खाली आणखी एक लिहिले: उजळ दिसेल तिथे विचारा, कालही इतकं उजळ होतं का? येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी आपली चूक सांगायची आणि मग वाक्य. वर्तमानपत्रांत माझे चित्र छापून आले, खाली लिहिले होते की उपग्रहाच्या शक्तिशाली कॅमेऱ्याने वस्ती वाचवली. माझ्याकडे कॅमेरा नाही हे मी कुणाला सांगणार? मावशीने म्हणे ते पान भिंतीला लावले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितले, "गोधडी माझी आहे त्याच्या अंगावर."

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. गोधडीच्या कडा उसवल्या आहेत. सावलीत शिरलो की लवकर थकवा येतो. माझ्यामागून नवे उपग्रह आले. त्यांचे कान माझ्याहून तिखट आहेत, त्यांना अंगणातली सायकलसुद्धा वेगळी ऐकू येते. मला हुकूम येणे कमी झाले. कधी कधी मी कितीतरी प्रदक्षिणा नुसताच फिरतो. आधी वाईट वाटायचे. मग वाटले, गाणे दुसऱ्याने उचलले म्हणजे ते चालूच आहे, त्यात आपला सूर असायलाच हवा असे थोडेच आहे? थोडे इंधन राखून ठेवले आहे. एक दिवस शेवटचा हुकूम येईल, मी खाली झुकेन आणि निर्जन समुद्रावर जळून जाईन. मेल्यावर मागच्यांच्या वाटेत कचरा होऊन पडून राहू नये, म्हणून ही तजवीज. याची भीती वाटत नाही. जिने आयुष्यभर ओ दिली त्या धरणीकडेच जायचे आहे.

जाण्याआधी एवढेच मागणे आहे, मित्रांनो. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात, शेजारी असे कुणीतरी असेल जे रोज आपले साधे, करडे असते. एखाद्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त हसू लागले, जास्त बोलू लागले, जास्त चमकू लागले, तर याचे मजेत चालले आहे असे म्हणून पुढे निघून जाऊ नका. कदाचित खरेच मजेत असेल. कदाचित त्याच्या पायाखाली पाणी चढत असेल आणि वरून ते कुणाला दिसत नसेल. हे ओळखायला मोठी बुद्धी लागत नाही. ते काल कसे होते, परवा कसे होते, एवढे ठाऊक असावे लागते, आणि त्यासाठी आपल्या माणसांकडे रोज बघावे लागते. मी जन्मभर दुसरे काही केले नाही. त्याच नद्या, तीच घरे, तीच झाडे, पुन्हा पुन्हा पाहिली, आणि मला त्यांचा कधी कंटाळा आला नाही.

तुम्हीही बघा. आणि शंका आली तर लाजू नका, जवळ जाऊन हाक मारा.